बिब्याचं गोंदण

“घास तोंडात गेला का बोलाचं नाई. कोनी काई इचारो, पाहुना येवो का चोर येवो, पान उचलेपर्यंत तोंड उघडाचं नाई.”

हा आवाज रुखमाबाईच्या आईचा, गुणाबाईचा. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण आषाढातली एकादशी उलटली आणि पळसाच्या पानावर पहिला भात वाढून घेतला, की तो आवाज कानाशी यायचा. चातुर्मासात मौनाने जेवायचं, हा नेम आईने लेकीला सासरी पाठवताना ओटीत घालावा तसा दिला होता. रुखमाबाईने तो सोळा वर्षं जपला. एकदा जेवताना आढ्यावरून साप उतरला, तेव्हा तिने नवऱ्याच्या पाठीत मिठाचा खडा मारून वर बोट दाखवलं, पण शब्द काढला नाही. गावात ही गोष्ट सांगून बाया हसायच्या आणि हसून झाल्यावर तिच्या पाया पडायच्या.

सत्तावन सालच्या चातुर्मासातही तिने नेम मोडला नाही. तोच न मोडलेला नेम तिच्या जिवाला लागून राहिला, त्याची ही गोष्ट.

रुखमाबाईचा नवरा इतवारी हा सुतार. कुरखेड्याच्या वाटेवरच्या त्यांच्या गावात नांगर, वखर, बंडीची चाकं, दाराच्या चौकटी, सगळं त्याच्याच हातचं. पण त्याच्या हाताला याहून जास्त येत होतं. तान्ह्या पोळ्याला तो पोरांना लाकडाचे नंदी करून द्यायचा, तर त्यातला एखादा शेपूट हलवायचा, एखादा ओढला की मान डोलवायचा. हे गुणवंतरावांना ठाऊक होतं. गुणवंतराव गावातले मोठे धानवाले. त्या वर्षी त्यांनी गावाच्या तोंडाशी धान भरडायची गिरणी उभारायला काढली होती, इंजिनावर चालणारी. भाद्रपदात एका सकाळी ते इतवारीच्या पडवीत येऊन बसले आणि म्हणाले, “इतवारी, मले एक बाई पायजे. लाकडाची. धान कांडनारी. इकडे इंजन सुरू झालं का तिकडे तिनं दारात उभं राहून कांडाले लागलं पायजे. चार गावचे लोक पाहाले आले पायजेत.”

दिवाळीच्या पाडव्याला गिरणी सुरू होणार होती. तोवर कोणाला कळता कामा नये, एवढीच त्यांची अट. बाई जमली तर गिरणीची आणि त्यांच्या नव्या घराची सगळी दारं-खिडक्या इतवारीनेच करायच्या, असं ते बोलून गेले. दोन वर्षांचं काम होतं ते. इतवारी त्या दिवशी जेवला की नाही, हे त्याला सांगता आलं नसतं.

अंगासाठी त्याने शिवणीचं लाकूड घेतलं. ते हलकं असतं, कोरताना फुटत नाही. बाईच्या पायाखालच्या पाटाखाली एक चाक, चाकाच्या तोंडावर मध्यापासून बाजूला एक खुंटी. चाक फिरलं की खुंटीला अडकवलेली काठी खालीवर व्हायची, ती काठी बाईच्या पोकळ अंगातून खांद्यापर्यंत गेलेली, आणि खांद्यात, कोपरात खिळी घालून जोडलेला उजवा हात मुसळ वर नेऊन उखळात सोडायचा. हे आठ दिवसांत जमलं. इतवारी हाताने चाक फिरवायचा, आणि गोऱ्या लाकडाची ती टक्कल असलेली बाई ठक ठक करत कांडायची. रुखमाबाई पदर तोंडाला लावून हसायची.

पण धान नुसतं कुटून कांडलं जात नाही. उखळाबाहेर उडालेले दाणे डाव्या हाताने पुन्हा आत लोटावे लागतात, तेही मुसळ वर असेल तेवढ्यात. तो डावा हात इतवारीला जमेना. दुसरी खुंटी लावली, तिसरी लावली. हात जायचा, पण परत यायच्या आत मुसळ खाली यायचं. तीनदा बोटं फुटली, तीनदा त्याने नवी कोरली. इंजिन बसवायला चांद्याहून नूर मोहम्मद मिस्त्री आला होता, तोच पुढे पट्टा जोडून देणार होता. तो पाहायला आला आणि दाढी कुरवाळत म्हणाला, “इतवारीभाऊ, तुमची बाई धान कमी अन् हातच जास्त कांडून राह्यली. पाडव्याले लोकाले काय वाढनार?”

इतवारी रुखमाबाईला म्हणाला, तू कांडून दाखव. तिने मुसळ घेतलं, पण नवरा टक लावून पाहतो आहे म्हटल्यावर तिचा हात अडखळू लागला. आणि खरं तर दोघांनाही मनातून माहीत होतं की हा हात कोणाचा पाहायचा.

सुगंधाबाईचा.

सुगंधाबाई गावातली कांडणारी. पन्नाशीची, एकटी, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. पंधरा घरांचं धान तिच्या मुसळाखालून जायचं आणि त्या घरांच्या मूठपसा तांदळावर, कण्यांवर तिची चूल चालायची. कांडताना ती उखळाकडे पाहायचीच नाही. समोरच्या बाईशी बोलायची, वाटेवरून जाणाऱ्याला टोमणा मारायची, आणि तिचा डावा हात आपला आपण चौथ्या ठोक्याला उखळात जाऊन यायचा, चिमणीने दाणा टिपून उडावं तसा.

रुखमाबाई तिच्या घरी गेली आणि म्हणाली, “बाई, माहा खांदा धरला. दोन पायल्या धान कांडून द्या न.”

तिचा खांदा धरला नव्हता.

सुगंधाबाई तीन दिवस आली. अंगणात ती कांडायची आणि पडवीतल्या बांबूच्या तट्ट्याच्या आड इतवारी बसून एका फटीतून पाहायचा, कोळशाने भिंतीवर रेघा ओढायचा. सुगंधाबाईने तेल आणलं होतं. कांडून झालं की ती रुखमाबाईचा न दुखणारा खांदा चोळून द्यायची. दुसऱ्या दिवशी चोळता चोळता रुखमाबाईची नजर तिच्या डाव्या हातावरच्या गोंदणावर गेली, आणि तिने ते बोलता बोलता विचारलं. सुगंधाबाईला तेवढंच हवं होतं. कोपराखाली मुंग्यांची ओळ. तिच्याखाली सीतामाईची रसोई नावाची नक्षी. मग तुळस. आणि मनगटावर पाच टिंबांचं फूल, पण टिंबं चारच.

“मी आठ वर्साची होती,” ती म्हणाली. “चार झाले अन् म्या हात हिसकून पळाली. गोंदनारी म्हने, राहू दे, पाचवा देवाघरी. माय मले धरून रडली. मंग म्हने, सुगंधे, सोनं-नानं इथीच राह्यते. वर हे एवढंच संगं येते.”

रुखमाबाईचंही गोंदण होतं, पण साधं, दोन टिकल्या आणि एक काडी. हे तिला फार आवडलं. तिने ते सगळं डोळ्यांत साठवून घेतलं. त्या वेळी तिच्या मनात काही पाप नव्हतं, असं ती पुढे स्वतःला पुष्कळदा सांगायची, आणि पुष्कळदा तिला ते पटायचं नाही.

तिसऱ्या दिवशी कांडण संपलं. रुखमाबाईने सुगंधाबाईला वाढलं, तिचं जेवण झालं. मग स्वतःचं पान मांडून घेतलं. हात धुवायला म्हणून सुगंधाबाई पडवीच्या कडेला गेली आणि तिथेच थांबली. बाहुलीवर गोणपाट टाकलेलं होतं, पण त्याखालून लाकडाचा एक हात बाहेर आला होता.

“भाऊ बाहुली करून राह्यले का? हात तं बाईचा दिसते,” ती म्हणाली. “कोनासाठी व, रुखमा?”

रुखमाबाईचं पान समोर होतं. भात वाढलेला होता, वर वरण होतं. घास मात्र अजून उचलला नव्हता. सुगंधाबाई मान वळवून तिच्याकडे पाहत होती. गिरणीच्या दारात, असं नुसतं म्हटलं असतं तरी पुरे होतं. त्या दोन शब्दांत सगळं आलं असतं, आणि मग त्या बाईला जे म्हणायचं ते ती त्याच वेळी, त्याच अंगणात म्हणू शकली असती. रुखमाबाईने भाताचा घास केला आणि घाईने तोंडात घातला. मग तिने दुसऱ्या हाताचं बोट ओठावर ठेवलं.

सुगंधाबाई हसली. “जेव, जेव. तुहा नेम. मी बी काय इचारून राह्यली.” तिने तांब्यात पाणी भरून रुखमाबाईच्या पानाशी ठेवलं, आपली सुपली उचलली आणि गेली.

तो भात रुखमाबाईला गिळता येईना. पण पानावर टाकायचं नाही, हाही नेमच होता.

त्यानंतर डावा हात दोन दिवसांत जमला. चार ठोके, मग मुसळ वरच थोडं थबकायचं, हात उखळात जाऊन यायचा, मान किंचित बाजूला वळायची. इतवारीने ती मानही पाहून ठेवली होती. आता लुगडं नेसवायचं, केस लावायचे, डोळे रंगवायचे, ही कामं रुखमाबाईची. सगळं झाल्यावर डावा हात तिला उघडा वाटू लागला. चाल सुगंधाबाईच्या हाताची, तर त्याच्यावर दुसरं गोंदण कसं शोभेल, असं तिच्या मनात आलं. तिने बिबा फोडला, त्याचं तेल काजळात कालवलं आणि बाभळीच्या काट्याने एकेक टिंब लाकडात रुतवलं. मुंग्या, रसोई, तुळस. मनगटाशी ती थांबली. पाचवं टिंब टाकलं तर फूल पुरं होत होतं. तिने चारच टाकली. हाताचं काम खरं उतरावं, एवढंच तेव्हा तिला दिसत होतं. बिब्याने तिच्या बोटाला फोड आला.

पाडव्याला गिरणीपुढे जत्रा लोटावी तसे लोक लोटले. गुणवंतरावांनी नारळ फोडला, नूर मोहम्मदने इंजिन फिरवलं, धूर निघाला, जमीन थरथरली आणि दारातला पडदा बाजूला झाला. लाकडाची बाई कांडू लागली. पोरं किंचाळली, मोठी माणसं हात जोडून मागे सरली. इतवारी गर्दीच्या मागे उभा होता, पागोट्याचं टोक दातांत धरून. चार ठोके झाले, डावा हात उखळात गेला आणि आला, मान वळली.

एवढ्यात पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, “अवो माय, हे तं सुगंधा हाय.”

मग सगळ्यांनाच दिसलं. हाताची चाल दिसली, मान दिसली, आणि जे पुढे होते त्यांना मनगटावरची चार टिंबं दिसली. हशा पिकला. सोमारी म्हणून एक टवाळ गडी होता, तो मागे वळून मोठ्याने म्हणाला, “सुगंधाबाई, आता तू खाटेवर बसून खाय. तुह्या जागी हे कांडून राह्यली, अन् मजुरी बी मांगत नाई.”

सुगंधाबाई बांगड्या विकणाऱ्या हाजराच्या पाटीजवळ उभी होती. तिच्या कांडणाच्या बऱ्याचशा घरांची माणसं तिथेच होती, आणि त्यांच्या खांद्यावर धानाची पोती होती, गिरणीत घालायला आणलेली. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. लाकडाच्या बाईकडे तिने पुष्कळ वेळ पाहिलं. मग तिने आपला पदर ओढला, डाव्या हातावर घेतला, मनगटापर्यंत नीट झाकला आणि तो हात छातीशी धरून ती चालू लागली. जाताना ती रुखमाबाईच्या अगदी जवळून गेली.

त्या दिवसापासून सुगंधाबाईचा तो हात कोणाला दिसला नाही. विहिरीवर ती एका हाताने दोर ओढायची, दुसरा हात लुगड्यात गुंडाळलेला. गिरणी रोज दुपारपर्यंत चालायची, मग नूर मोहम्मद इंजिन बंद करून नमाजाला आणि जेवायला जायचा, आणि पुन्हा दिवस कलेपर्यंत चालायची. तो ठक ठक आवाज रुखमाबाईच्या घरापर्यंत यायचा. देवापुढे वात लावताना तो यायचा, तुळशीला पाणी घालताना यायचा. लोक वाटेत थांबवून इतवारीची तारीफ करायचे. तो खाली पाहून हूं म्हणायचा. पडवीत कोळशाच्या रेघा होत्या, त्या त्याने एका सकाळी शेणाने सारवून टाकल्या.

रुखमाबाई जेवायला बसायची, मौन धरायची, आणि घास हातात घेतला की तिला ते दुसऱ्या हाताचं, ओठावर ठेवलेलं बोट आठवायचं. आईने दिलेली वस्तू तिने चोरी झाकायला वापरली होती, आणि वर त्या बाईने तिचा मान राखून पाणी भरून ठेवलं होतं. कोणी तिच्या पाया पडायला वाकलं की ती आता पाय मागे घ्यायची.

सहाव्या दिवशी तिने सुपात धान घेतलं आणि ती सुगंधाबाईच्या घरी गेली. उखळ अंगणात होतं, त्यात पाचोळा पडला होता. सुगंधाबाई दारात मोहाच्या टोळ्या फोडत बसली होती, उजव्या हाताने. टोळी म्हणजे मोहाची बी, तिचं तेल निघतं. आता त्यावरच चाललं होतं तिचं.

“धान आनलं का?” ती वर न पाहता म्हणाली. “गिरनीत टाक. तिथी साफ निंगते. कनी बी पडत नाई.”

रुखमाबाई सूप खाली ठेवून समोर बसली. तिने सगळं सांगितलं. खांदा दुखत नव्हता ते सांगितलं, तट्ट्याआड नवरा बसला होता ते सांगितलं, बिब्याचं सांगितलं. गोंदण चांगलं वाटलं म्हणून काढलं, हेही सांगितलं, पण ते सांगताना तिलाच ते वाईट ऐकू आलं. शेवटी म्हणाली, “तुमी त्या रोजी मले इचारलं. मी जेवून राह्यली होती, म्हनून...”

“तुह्या तोंडात घास नोता,” सुगंधाबाई म्हणाली. “म्या इचारलं, तवा तू उचलला.”

रुखमाबाईला वाटलं होतं की हे एक तरी आपल्याशिवाय कोणाला माहीत नसेल.

“तवाच समजलं मले का काई तरी हाय,” सुगंधाबाई दगडाने टोळी फोडत म्हणाली. “म्हनलं, असंन काई. देवाधर्माची बाई हाय, वाईट नाई करनार. म्हनून मी पानी ठेवून आली.”

रुखमाबाई रडत नव्हती. रडलं तर हिलाच आपल्याला समजवावं लागेल, एवढं तिला कळत होतं.

मग सुगंधाबाईनेच दगड बाजूला ठेवला. तिने लुगड्यातून डावा हात काढला आणि मांडीवर ठेवला.

“कांडनं गेलं, ते जानारच होतं. तुह्या बाहुलीनं नाई नेलं ते, इंजनानं नेलं. माही चाल घेतली, तेबी राहू दे. कांडनारी अशीच कांडते. पन हे?” तिने मनगटावर बोट ठेवलं. “हे माह्या मायनं देल्लं मले. उद्या वर गेली अन् देवानं इचारलं, काय आनलं व सुगंधे, तं मी हात पुढं करीन. तो म्हनन, हे तं तिथी गिरनीच्या दारात हाय, लोक हासून राह्यले त्याले. मंग म्या काय सांगू, रुखमा?”

रुखमाबाईने त्या चार टिंबांकडे पाहिलं.

“ते गोंदन तेवढं काहाडून टाक,” सुगंधाबाई म्हणाली. “बाकी बाई राहू दे उभी. मले मंग हात झाकाचं काम नाई.”

“काहाडतो,” रुखमाबाई म्हणाली. “उद्याच काहाडतो. मीच काहाडतो, बाई.”

सुगंधाबाईने मान हलवली नाही. पुन्हा दगड घेतला. धानाचं सूप तिने उचललंही नाही आणि परतही दिलं नाही. रुखमाबाई ते तिथेच सोडून आली.

घरी येऊन तिने इतवारीला सांगितलं. तो चौकटीचं लाकूड रंधत होता. गिरणीच्याच दाराची चौकट. त्याने रंधा थांबवला. बिबा लाकडात खोल जातो, पुसून निघणार नाही, खरवडावा लागेल, असं तो म्हणाला. खरवडलं की हात उघडा पडेल, सगळ्यांना दिसेल. गुणवंतरावांना न विचारता केलं तर ते ही दारं दुसऱ्याला देतील. आणि विचारलं तर ते नाही म्हणतील, कारण लोक येतात ते सुगंधाबाई पाहायलाच येतात. हे सगळं तो सावकाश, एकेक करून बोलला. रुखमाबाईने ऐकून घेतलं.

“म्या जबान देल्ली,” ती म्हणाली.

त्या दिवशी त्याने पुन्हा रंधा धरला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने देवपूजा केली, तुळशीला पाणी घातलं, नैवेद्य दाखवला. सूर्य डोक्यावर आला आणि गिरणीचा आवाज दोनदा खोकून बंद पडला. रुखमाबाई पडवीत गेली, इतवारीच्या हत्यारांच्या पेटीतून लाकूड कोरायची एक पटाशी घेतली आणि पदरात गुंडाळू लागली.

इतवारी खांबाला टेकून बसला होता. त्याने हात पुढे केला आणि पटाशी मागून घेतली. तिला वाटलं, आता हा जाऊ देणार नाही. तो पेटीशी वाकला, तळातून दुसरी, अरुंद पात्याची काढली, अंगठ्यावर धार पाहिली.

“तिले धार नाई,” तो म्हणाला. “हे घे. अन् लाकडाच्या शिरीसंगं चालव, उलटी नको. नाई तं हात चिरन.”

तिने ती घेतली. अंगणात ऊन होतं, वाटेवर कोणी नव्हतं. डोक्यावरून पदर घेऊन ती गिरणीच्या वाटेला लागली.